धुऱ्यावर बसून काढलेलं चित्र

आपल्याकडच्या कुठल्याही शाळेत जा आणि मुलांना सांगा, ‘निसर्गचित्र काढा.’ दहा मिनिटांत तेच चित्र समोर येईल. दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्या मधोमध अर्धा उगवलेला सूर्य, डोंगरातून निघून पुढे रुंद होत गेलेली नदी, काठावर झोपडी, झोपडीशेजारी नारळाचं झाड आणि आकाशात मराठी चारच्या आकड्यासारखे पक्षी. कोकणातलं मूल हेच काढतं, लातूरचं हेच काढतं आणि आमच्या नरखेड तालुक्यातलंही हेच काढतं.

नरखेडच्या मुलाच्या घराबाहेर नारळ नसतो. असतो तो लिंब, बाभूळ, पळस आणि संत्र्याची बाग. मोठे डोंगर म्हणाल तर सातपुड्याचे, आणि ते आमच्या उत्तरेला. तिथून सूर्य उगवायचा म्हटलं तर पृथ्वीलाच कूस बदलावी लागेल. तरीही मूल डोंगरातून सूर्य उगवतं, कारण त्यानं तो आकाशात पाहून काढलेला नसतो. तो आधीच्या कुणाच्या तरी चित्रात पाहिलेला असतो.

आज मला बोलायचं आहे ते याच्या उलट पद्धतीबद्दल. घराबाहेर पडायचं, प्रवासाला निघायचं, एखाद्या जागी बूड टेकायचं आणि समोर जे आहे ते पाहत पाहत तिथंच रंगवायचं. चित्रकार मंडळी याला ‘स्पॉटवर लँडस्केप करणं’ म्हणतात. मी कवी आहे. चित्रकार म्हणवून घेण्याइतका माझा हात चालत नाही. पण कविसंमेलनाच्या निमित्तानं एसटीनं, रेल्वेनं फिरणं होतं आणि झोळीत कवितेच्या वहीसोबत चित्राची वही असते. त्या अनुभवाच्या आणि थोड्या वाचनाच्या बळावर हे सांगतो आहे.

आधी एक शब्दांची गंमत. उर्दूत निसर्गदृश्याला ‘मंज़र’ म्हणतात. हा शब्द आणि ‘नज़र’ हे एकाच अरबी धातूतून आले आहेत. मंज़र म्हणजे जिथं नजर टाकावी ती जागा. मराठीतला ‘देखावा’ही देखण्यातूनच आला. आणि सुंदर माणसाला आपण ‘देखणा’ म्हणतो, म्हणजे पाहण्याजोगा. दोन्ही भाषांनी डोंगर, नदी, झाड यांची नावं न घेता पाहण्याच्या क्रियेला धरून शब्द घडवले. पाहणारा बसला, की देखावा सुरू होतो.

आता ही बाहेर जाऊन चित्र काढण्याची रीत आली कुठून? महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर एक नाव फार आधी येतं. अठराव्या शतकाच्या शेवटच्या दशकात पुण्यात, पेशव्यांच्या दरबारी चार्ल्स मॅलेट हा इंग्रजांचा वकील होता. जेम्स वेल्स नावाचा स्कॉटिश चित्रकार तिथं आला आणि त्याच्या देखरेखीखाली शनिवारवाड्यात चित्रकलेचं शिक्षण सुरू झालं. तिथं तयार झालेला गंगाराम तांबट हा मराठी चित्रकार मॅलेटसाठी वेरूळला गेला आणि लेण्यांची चित्रं त्यानं तिथं जाऊन काढली. ती आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. देवादिकांची आणि दरबाराची चित्रं आपल्याकडे पुष्कळ होती. पण प्रवास करून, एखाद्या जागेसमोर बसून, ‘ही जागा अशी आहे’ असं कागदावर उतरवणारा हा आपला एक आद्य माणूस.

त्याच काळात थॉमस आणि विल्यम डॅनियल हे काका-पुतणे हिंदुस्थानभर फिरत होते. १७८६ ते १७९३ अशी सात-आठ वर्षं त्यांनी इथं काढली. मायदेशी परतल्यावर त्यांनी १४४ चित्रांची मालिका छापली. त्यांच्या सामानात कॅमेरा ऑब्स्क्युरा नावाची पेटी असे. तिच्यातून समोरच्या दृश्याची सावली कागदावर पडे आणि ती गिरवता येई. पण रंगकाम बरंचसं नंतर, निवांत जागी बसून व्हायचं.

याचं कारण अगदी व्यावहारिक होतं. तैलरंग बाहेर नेणं कठीण होतं. ते जनावराच्या मूत्राशयाच्या पिशवीत भरून ठेवत, टोचून काढत. पिशवी फुटली तर रंगही गेले आणि कपडेही. १८४१ साली जॉन गॉफ रँड या अमेरिकन चित्रकारानं कथलाची, दाबून रंग काढायची नळी तयार केली. आज टूथपेस्ट जशी येते, तशीच. जलरंगाच्या सुक्या वड्या त्याआधी, अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये मिळू लागल्या होत्या. नळी आली, आगगाडी आली आणि चित्रकार शेतात जाऊन बसले. फ्रान्समध्ये क्लोद मोने यांनी १८९०-९१ मध्ये गवताच्या गंज्यांची पंचवीसेक चित्रं केली. आपल्याकडे कडब्याची गंजी रचतात, तशाच त्या गंज्या. विषय एकच, पण सकाळची गंजी वेगळी, धुक्यातली वेगळी आणि दिवस मावळतानाची वेगळी. गंजी तीच राहिली. बदलत होता तो उजेड, आणि मोने तो उजेड रंगवत होते.

आपल्या बाजूला १८५७ मध्ये मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झालं आणि पाश्चात्त्य पद्धतीचं चित्रशिक्षण आलं. तिथं शिकून कोल्हापूरला परतलेले आबालाल रहिमान हे माझे विशेष आवडते. फारसी लेखनाची परंपरा असलेल्या घरातला हा माणूस शाहू महाराजांच्या आश्रयाचा चित्रकार झाला. त्यांनी व्यक्तिचित्रं केली, पण त्यांचं नाव राहिलं ते कोल्हापूरच्या निसर्गचित्रांमुळे. रंकाळा, पंचगंगा आणि ज्याच्या काठी ते राहत, तो कोटितीर्थ तलाव. १९२२ मध्ये शाहू महाराज गेले तेव्हा आबालालांनी आपली कितीतरी चित्रं दुःखाच्या भरात कोटितीर्थात सोडून दिली, असं कोल्हापुरात सांगतात. १९३१ मध्ये ते गेले. या माणसाचा प्रवास मैलांत मोजला तर फार भरणार नाही. घरातून तळ्यापर्यंत आणि तळ्यावरून नदीपर्यंत. पण उजेड पाहणाऱ्याला तेवढा पल्ला पुरतो, हे त्यांच्याकडे पाहून पटतं.

दुसरं नाव आमच्या नागपूरशी जोडलेलं आहे. सय्यद हैदर रझा १९२२ मध्ये मंडला जिल्ह्यात जन्मले. वडील वनखात्यात. मंडला आणि नागपूर तेव्हा एकाच प्रांतात होते. १९३९ मध्ये रझा नागपूर स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकायला आले, चार वर्षं राहिले आणि मग मुंबईला गेले. तिथं त्यांनी मुंबईचे रस्ते, पाऊस, ओल्या इमारती जलरंगात केल्या. १९४८ मध्ये ते काश्मीरला गेले. तिथं प्रसिद्ध फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी त्यांची चित्रं पाहिली आणि पॉल सेझानच्या चित्रांची बांधणी अभ्यासा, असं सुचवलं. १९५० मध्ये रझा पॅरिसला पोहोचले. आयुष्याची साठेक वर्षं फ्रान्समध्ये काढून ते परतले. पण त्यांच्या चित्रांतला तो गडद काळा आणि धगधगीत लाल मंडल्याच्या जंगलातल्या रात्री आणि दिवसांचा आहे, हे ते स्वतः सांगत. २०१६ मध्ये त्यांचं निधन झालं आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे मंडल्यात, वडिलांच्या कबरीशेजारी त्यांचं दफन झालं. लहानपणी नीट पाहिलेली जमीन माणसाबरोबर सातासमुद्रापार जाते. मूल गावात असतानाच गाव पाहतं की नाही, म्हणूनच ते महत्त्वाचं आहे.

आता प्रत्यक्ष कामाकडे येऊ. प्रवासात चित्र काढायचं तर सामान हलकं हवं. जलरंगाची छोटी पेटी, दोन ब्रश (एक जाड, एक टोकदार), पेन्सिल, चिंधी, पाण्याची बाटली आणि जाड कागदाची वही. पातळ कागदावर पाणी पडलं की तो पापडासारखा उठतो, म्हणून शक्य तर ३०० ग्रॅम वजनाचा घ्यावा. परदेशी रंगच हवेत असं मुळीच नाही. दांडेकरांच्या कॅमलिननं १९३१ मध्ये शाईपासून सुरुवात केली आणि पुढे त्यांच्या ‘कॅमल’ रंगांवर महाराष्ट्राच्या पिढ्या शिकल्या. पेटीत वीस रंग असले तरी सहा पुरतात. त्यातला ‘यलो ऑकर’ म्हणजे आपली पिवडी आणि ‘लाइट रेड’ म्हणजे आपल्या गेरूचाच भाऊबंद. दोन्ही मुळात लोह असलेली मातीच. घराच्या भिंती सारवणाऱ्या बायकांच्या हाताला हे रंग आधीपासून ठाऊक आहेत.

सर्वात मोठी अडचण उजेडाची. सूर्य तासाला पंधरा अंश सरकतो. दोन तास चित्र केलं तर तीस अंश गेले, आणि सुरुवातीला झाडाच्या उजवीकडे असलेली सावली शेवटी पायाखाली येते. म्हणून जाणते लोक बसल्या बसल्या आधी सावल्यांचे आकार मांडून घेतात आणि मग त्या बदलत नाहीत. सूर्य बदलला तरी कागदावरची वेळ तीच ठेवायची. नरखेड कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे, त्यामुळे वर्षातून दोनदा दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. मेच्या शेवटच्या आठवड्यात एका दुपारी इथं उभ्या खांबाला सावलीच नसते. अशा वेळी सगळं सपाट दिसतं, चित्र निघत नाही. शिवाय त्या उन्हात कागदावर पाणी पसरेपर्यंत ते वाळून जातं. श्रावणात उलट, तासभर थांबलं तरी रंग ओलाच. आमच्याकडे खरा हंगाम दिवाळीपासून होळीपर्यंत, आणि वेळ सकाळी नऊच्या आधी किंवा दुपारी चारच्या नंतर.

मग रंग. इथं बसल्याशिवाय काही गोष्टी कळतच नाहीत. काळी माती काळी नसते. नांगरलेलं वावर सकाळी जांभळट तपकिरी दिसतं, पाऊस पडून गेला की गडद होतं आणि सावलीत त्यात चक्क निळा उतरतो, कारण सावलीत ऊन नसलं तरी आकाशाचा उजेड असतो. सातपुडा हिरवा असूनही नरखेडहून निळा दिसतो. मधल्या हवेतून येताना निळा उजेड जास्त विखुरतो आणि तो डोंगरावर पांघरल्यासारखा होतो. जितकं दूर तितकं फिकट आणि निळसर, हा दूरपणा दाखवायचा साधा नियम त्यातूनच आला. आणि हिरवा? पेटीतला तयार हिरवा कुठल्याच झाडाला लागू पडत नाही. तुरीचा हिरवा वेगळा, पऱ्हाटीचा वेगळा. संत्र्याचं पान गडद आणि चकचकीत, त्यामुळे उन्हात त्यावर पांढरे कवडसे पडतात. जलरंगात ते पांढरं रंगवायचं नसतं, तिथला कागद कोरा सोडायचा असतो. काय सोडायचं ते आधी ठरवायचं, ही गोष्ट कवितेतही तितकीच अवघड आहे.

संत्र्याच्या झाडाचं खोड कोणत्या रंगाचं? शाळेतलं मूल तपकिरी म्हणेल. पण इथल्या बागांमध्ये बुंध्याला बोर्डो पेस्ट लावतात. मोरचूद आणि चुन्याची ती पेस्ट रोगापासून खोडाचं रक्षण करते. त्यामुळे कमरेपर्यंत खोडं फिकट निळी असतात. गडद हिरव्या झाडांखाली निळसर खांबांच्या रांगा आणि खाली काळी माती. आंबिया बहाराच्या दिवसांत, दिवाळीच्या आसपास, त्यावर नारिंगी ठिपके. ज्याला २०१४ मध्ये ‘नागपुरी संत्रं’ म्हणून भौगोलिक मानांकन मिळालं, त्या फळाच्या बागेचं हे खरं रूप आहे. कॅलेंडरवाल्यानं ते काढलं नाही, म्हणून आमच्या मुलांनाही ते सुचत नाही.

प्रवासात दोन तास मिळतीलच असं नाही. नागपूरहून इटारसीकडे जाणारी गाडी कळमेश्वर, काटोल, नरखेड करत पांढुर्ण्याला मध्य प्रदेशात शिरते. खिडकीतून जवळची झाडं पळतात, पण लांबची टेकडी बराच वेळ सोबत चालते. मी फक्त तिची वरची रेघ काढतो. एसटी थांब्यावर पंधरा मिनिटं मिळाली तर काडेपेटीएवढ्या चौकटीत उजेड आणि सावली मांडतो आणि बाजूला शब्दांत रंग लिहून ठेवतो: ‘आभाळ ताकासारखं’, ‘रस्ता राखाडी, कडेला गेरू’. संध्याकाळी मुक्कामावर ते पुरं करता येतं. जगभर आता अशी मंडळी आहेत. २००७ मध्ये सिएटलमधल्या गाब्रिएल कांपानारिओ या पत्रकार-चित्रकारानं ‘अर्बन स्केचर्स’ हा उपक्रम सुरू केला. जागेवर बसूनच काढायचं, हा त्यांचा पहिला नियम. मुंबई-पुण्यातही त्यांचे गट आहेत. रविवारी सकाळी एखाद्या चौकात वीस-पंचवीस जण स्टूल टाकून बसलेले दिसतात.

खेड्यात एकटं बसलं तरी माणूस एकटा राहत नाही. आधी पोरं येतात, मग म्हातारे. ‘काय करून राहिले जी?’ ‘मोजणीचे साहेब हात का?’ चित्र आहे म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, ‘इथं काय हाये काढाले?’ जलालखेड्याजवळ वर्धेला जाम नदी मिळते आणि पलीकडे आमनेरचा जुना किल्ला आहे. तिथं धुऱ्यावर बसलो असताना एक शेतकरी बराच वेळ मागं उभे होते. जाताना म्हणाले, ‘तीस वर्षं झाले, रोज इथून जाऊन राहिलो. हे बाभूळ इतकी वाकडी हाये हे आज पाह्यलं.’ चित्र चांगलं झालं होतं की नाही, ते बोलले नाहीत. पण चित्रानं करायचं काम झालं होतं.

याच नदीच्या काठी वरच्या बाजूला मोवाड आहे. ३० जुलै १९९१ रोजी वर्धेला महापूर आला आणि गावात शिरला. २०४ माणसं गेली. नंतर गाव नव्या जागी वसवलं गेलं. एकदा जुन्या जागेच्या बाजूनं नदीचं चित्र काढत होतो. एक वयस्क गृहस्थ आले आणि कागदावर बोट ठेवून म्हणाले, ‘इथं कवेलूचं घर काढा.’ मी म्हटलं, समोर तर काही दिसत नाही. ‘होतं,’ ते म्हणाले. मी पेन्सिल त्यांच्याकडे दिली. त्यांनी सावकाश काही रेघा मारल्या. दार, ओटा, बाजूला लिंब. पेन्सिल परत केली आणि निघून गेले. ते पान मी रंगवलं नाही, तसंच ठेवलं आहे.

जागा कायम राहतील असं आपण धरून चालतो. त्या राहत नाहीत. २०१९ च्या उन्हाळ्यात पाण्याअभावी नरखेड, काटोल आणि पलीकडच्या वरुड भागात संत्र्याच्या बागा वाळल्या. वर्षानुवर्षं जपलेली झाडं लोकांनी तोडून सरपणाला दिली. कवेलूंची घरं स्लॅबची होत आहेत, बंडी जाऊन ट्रॅक्टर आला. यात सगळंच वाईट नाही. कवेलूच्या घरात पावसाळा काढलेल्याला स्लॅबची किंमत ठाऊक असते. पण जे गेलं ते कसं दिसत होतं, हे सांगणारं कुणीतरी हवं.

तुम्ही म्हणाल, आता प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे, फोटो काढले की झालं. फोटो जरूर काढावेत. फोटो क्षणात सगळं टिपतो आणि तो क्षण संपला की आपण पुढे जातो. चित्र काढणारा तिथंच दोन तास असतो. त्या दोन तासांत त्याला प्रत्येक फांदीबद्दल ठरवावं लागतं, ही घ्यायची की सोडायची. घराला दार कुठल्या दिशेला आहे, विहीर ओट्यापासून किती लांब आहे, पाणंद कुठं वळते, हे सगळं त्याच्या हातातून जातं. असा माणूस ती जागा सहसा विसरत नाही. मोवाडच्या त्या गृहस्थांना चित्रकला येत नव्हती, पण घर तसंच्या तसं येत होतं, कारण ते त्यांनी राहून पाहिलं होतं.

आपल्या शासकीय रेखाकला परीक्षांत, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटमध्ये, ‘स्मरणचित्र’ हा विषय असतो. चांगला विषय आहे. पण स्मरणचित्रासाठी आधी स्मरणात काहीतरी असावं लागतं. चित्रकलेच्या शिक्षकांना माझी एवढीच विनंती आहे. हिवाळ्यात एक शनिवार निवडा. सकाळची शाळा सुटली की मुलांना जवळच्या वावरात न्या. रंग नसले तरी चालेल, पेन्सिल आणि पाठकोरे कागद पुरतात. प्रत्येकाला एकच झाड द्या आणि अर्धा तास कुणी उठायचं नाही, एवढाच नियम ठेवा. पहिली दहा मिनिटं मुलं कुरकुरतील. मग एक जण विचारेल, ‘सर, खोड निळं रंगवलं तर चालंल का?’

चालेल म्हणा.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)